अनोळखी उपकरणाचा इशारा

अनोळखी उपकरणाचा इशारा : कार्यालयाच्या वायफाय जाळ्यात आधी न नोंदलेले उपकरण दिसताच लॅपटॉपवरील अँटिव्हायरस, राउटर किंवा केंद्रीय देखरेख यंत्रणा देते ती सूचना. ‘अनोळखी’ म्हणजे यादीत नसलेले, एवढाच तिचा नेमका अर्थ. उपकरण कोणाचे आणि ते करते काय, हे इशाऱ्याला ठाऊक नसते. काही प्रणाली त्याच सूचनेला ‘घुसखोर’ हे नाव देतात, ते टाळलेले बरे.

उगम : कल्पना वायफायपेक्षा जुनी दिसते. तारेच्या ईथरनेट जाळ्यात एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायचे तर ‘हा आयपी पत्ता (जाळ्यात मिळालेला क्रमांक) कोणाचा?’ असे त्याला सर्वांना विचारावे लागते. या विचारपुशीचा शिष्टाचार (प्रोटोकॉल), म्हणजे एआरपी, डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या दस्तऐवजात मांडला. विचारणारा प्रश्नासोबत स्वतःचा पत्ताही देतो आणि प्रश्न सगळ्या जाळ्याला ऐकू जातो. त्यामुळे नुसते ऐकत बसणाऱ्याच्या हाती आयते हजेरीपत्रक पडते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत साधारण नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीस तयार झालेली ‘एआरपीवॉच’ ही प्रणाली हेच करी. नवा पत्ता दिसला की ती व्यवस्थापकाला ‘न्यू स्टेशन’ असा ईमेल धाडी. एकाच आयपीवर दोन उपकरणे आलटून पालटून दिसू लागली तर ‘फ्लिप फ्लॉप’.

दुसऱ्या मतानुसार हा इशारा २००० नंतरच्या बिनतारी घुसखोरी-शोध प्रणालींतून आला. त्या प्रणालींचा मुख्य रोख मात्र कर्मचाऱ्याने परस्पर लावलेल्या किंवा शेजारच्या इमारतीतून डोकावणाऱ्या ॲक्सेस पॉइंटवर (वायफाय पुरवणाऱ्या पेटीवर) होता. या क्षेत्रातील एअरटाइट नेटवर्क्स (पुढे मोजो नेटवर्क्स, २०१८ मध्ये अरिस्टाकडे) या कंपनीचे संशोधन-विकासाचे काम पुण्यात चाले. यादीशी ताडून नवा तेवढा कळवायचा, हा तर्क एआरपीवॉचमध्ये पूर्णपणे आढळतो, म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

ओळख पटवण्याची रीत : उपकरण ओळखले जाते ते मॅक पत्त्यावरून, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाला दिलेल्या ओळख-क्रमांकावरून. (ॲपलच्या मॅक संगणकाशी याचा संबंध नाही.) हा पत्ता ४८ बिटांचा, म्हणजे षोडशमान पद्धतीच्या १२ अंकांचा असतो. नेहमीच्या वाटपात पहिले २४ बिट आयईईई ही संस्था उत्पादकाला नेमून देते आणि त्यावरून प्रणाली कंपनीचे नाव छापते. अडचण अशी, की हे नाव बहुधा वायफाय चिप किंवा कार्ड बनवणाऱ्याचे असते, वस्तूवरच्या छापाचे नसते. म्हणून ओळखीचा लॅपटॉप ‘लाइटऑन’ किंवा ‘ॲझ्युअरवेव्ह’ म्हणून उभा राहतो, स्मार्ट प्लग ‘एस्प्रेसिफ’ होतो, आणि ‘होन हाय’ हे परके नाव वाचून दचकलेल्याला ते फॉक्सकॉनचेच दुसरे नाव असल्याचे मागाहून कळते.

यादृच्छिक पत्ते : मॅक पत्त्यावरून माणसाचा माग काढता येतो, हे उघड झाल्यावर फोन बनवणाऱ्यांनी तो लपवायला सुरुवात केली. ॲपलने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून जाळी शोधताना बनावट पत्ता वापरला. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) यांपासून जोडणीतही दर जाळ्यासाठी वेगळा पत्ता हीच मूळ मांडणी झाली. २०२४ च्या आयओएस १८ मध्ये उघड्या किंवा कमकुवत सुरक्षेच्या जाळ्यावर तो ठरावीक काळाने आपोआप बदलतो. यामुळे यादीचा पायाच डळमळला. कार्यालयात ‘ऑफिस’ आणि ‘ऑफिस-५जी’ अशी दोन नावे असतील तर एकच फोन दोन उपकरणे म्हणून मोजला जातो. फोन रिसेट केला की तिसरे उगवते.

असा पत्ता डोळ्यांनीही ओळखता येतो. डावीकडून दुसरा अंक पाहावा : तो २, ६, ए किंवा ई असेल, तर पत्ता कारखान्यात दिलेला नसून उपकरणाने स्वतः घेतलेला असतो. ‘७ए:३१:…’ अशी सुरुवात असेल, तर उत्पादकाच्या रकान्यात ‘अज्ञात’ येणारच. तो बहुतेक वेळा कोणाचा तरी फोन असतो.

इशारा कोणाचा : एखाद्याच्या लॅपटॉपवरील अँटिव्हायरस कार्यालयाच्या जाळ्याला घरचे जाळे समजत असेल, तर प्रत्येक सहकाऱ्याचा फोन, प्रिंटर आणि कॉन्फरन्स रूममधला टीव्ही त्याला उपराच. शिवाय तो स्वतः जाळे चाचपतो, ते आयटी विभागाच्या यंत्रणेला संशयास्पद स्कॅनसारखे दिसू शकते; मग दोन्हीकडून इशारे निघतात. केंद्रीय यंत्रणेचा इशारा अधिक वजनाचा, पण यादी अद्ययावत असेल तरच.

यादीच्या हेळसांडीचे ठळक उदाहरण नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीचे. परवानगीविना जाळ्यात जोडलेल्या एका रास्पबेरी पाय संगणकाचा आधार घेऊन सुमारे ५०० एमबी माहिती चोरली गेली. प्रकार एप्रिल २०१८ मध्ये लक्षात आला. उपकरणांची नोंदवही अपुरी असल्याचा ठपका नासाच्या महानिरीक्षकांनी जून २०१९ च्या अहवालात ठेवला.

पडताळणी : राउटरच्या डीएचसीपी यादीत (आयपी पत्ते कोणाला दिले याच्या नोंदीत) उपकरणाचे नाव व जोडणीची वेळ, आणि वायफायच्या व्यवस्थापन-यंत्रणेत ते कोणत्या ॲक्सेस पॉइंटवर आहे, हे पाहतात. नाहीच कळले तर आयटीवाले ते बंद करून कोण तक्रार घेऊन येतो याची वाट पाहतात. रीत अशास्त्रीय, पण उत्तर लवकर मिळते. मॅक पत्त्यांची परवाना-यादी फारशी भरवशाची नाही, कारण पत्ता नक्कल करता येतो. सगळ्यांना एकच पासवर्ड असण्यापेक्षा ८०२.१एक्स (२००१) या मानकानुसार प्रत्येकाला स्वतंत्र खाते किंवा प्रमाणपत्र देणे आणि पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवणे श्रेयस्कर.

भारतात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. नुसता अनोळखी उपकरणाचा इशारा ही अशी घटना नव्हे. पडताळणीत अनधिकृत प्रवेश आढळला, तर मात्र हे निर्देश लागू होतात.