लॉजचे खंडित सभासदत्व पुन्हा सुरू करताना: साताऱ्यात परतलेल्या फ्रीमेसन बांधवांसाठी

पुण्या-मुंबईला नोकरीत असताना लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या स्थानिक शाखेत दीक्षा झाली, तिन्ही डिग्र्या (दीक्षेच्या पायऱ्या) झाल्या. मग बदल्या, मुलांची शिक्षणं, आईवडिलांची आजारपणं यांत बैठका सुटल्या आणि वर्गणीही थकली. निवृत्तीनंतर साताऱ्यात घर केल्यावर पुन्हा जावंसं वाटतं, पण इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने जायचं, असं मनात येतं. तो संकोच आधी सोडा. दीक्षा पुन्हा घ्यावी लागत नाही. मास्टर मेसन, म्हणजे तिसरी डिग्री झालेला माणूस मास्टर मेसनच राहतो. संपतं ते त्या लॉजचं सभासदत्व. पहिल्या डिग्रीवरच थांबला असाल, तरी सभासदत्व मिळाल्यावर तिथून पुढे जाता येतं.

किती वर्षं गेली यापेक्षा तुमचं नाव कसं कमी झालं याला जास्त महत्त्व आहे. सगळा अर्ज त्यावर उभा राहतो. रीतसर राजीनामा देऊन, हिशेब चुकता करून बाहेर पडला असाल तर वाट सरळ आहे. वर्गणी थकल्यामुळे नाव गेलं असेल तर आधी थकबाकी मिटवावी लागते. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या (लॉजांवरच्या सर्वोच्च संस्थेच्या) नियमांत पूर्ण 2 वर्षं वर्गणी न भरल्यास सभासदत्व आपोआप संपतं, आणि नंतर पैसे भरले तरी ते आपोआप परत येत नाही. नव्याने प्रस्ताव आणि मतदान लागतंच. शिस्तभंगावरून खुद्द ग्रँड लॉजनेच काढलं असेल, तर स्थानिक लॉज काही करू शकत नाही. दाद ग्रँड लॉजकडेच मागावी लागते.

म्हणून पहिलं पत्र जवळच्या लॉजला नको, जिथे दीक्षा झाली त्या मातृलॉजच्या सेक्रेटरींना लिहा. पत्र छोटं असू द्या: पूर्ण नाव, दीक्षेचं साधारण वर्ष, त्या वेळचा पत्ता, प्रस्तावक कोण होते, आणि ‘माझं नाव कोणत्या तारखेला व कोणत्या कारणाने कमी झालं, थकबाकी किती, हे कळवावं’ एवढी विनंती. न येण्याची कारणं पानभर लिहू नका. पैशाची खरी अडचण असेल तर मात्र ती स्पष्ट लिहा. सवलत द्यायची की नाही हे लॉजने ठरवायचं असतं, पण मागितल्याशिवाय त्यावर विचार कसा होणार? मातृलॉज बंद झालं असेल तर प्रादेशिक किंवा ग्रँड लॉजच्या कार्यालयाकडून नोंद मिळवावी लागते.

तुमचं लॉज कोणत्या ग्रँड लॉजखालचं होतं, हेही पाहून ठेवा. ग्रँड लॉज ऑफ इंडिया 24 नोव्हेंबर 1961 रोजी स्थापन झाली. तिचे चार प्रादेशिक विभाग आहेत आणि महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो. पण त्यानंतरही देशातली काही लॉजं इंग्लिश, स्कॉटिश किंवा आयरिश ग्रँड लॉजखालीच राहिली. दुसऱ्या मान्यताप्राप्त ग्रँड लॉजखालच्या लॉजमध्ये जाता येतं. मात्र तिथल्या नियमांचं पालन करण्याचं वचन द्यावं लागतं.

कागदांमध्ये सर्वांत मोलाचं म्हणजे ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र. स्कॉटिश लॉजवाले त्याला डिप्लोमा म्हणतात. ते मिळालं त्या वेळी त्यावर तुमची सही घेतलेली असते, आणि अनोळखी लॉजमध्ये गेल्यावर ती पडताळतात. कपाटाच्या तळाशी, जुन्या फाइलींत नीट शोधा. लॅमिनेट करायला देऊ नका. हरवलंच असेल तर मातृलॉजच्या सेक्रेटरींमार्फत दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. दुसरा कागद क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे येणं बाकी नाही आणि तक्रार नाही असा लॉजचा दाखला. एकाहून जास्त लॉजांचे सभासद होता? मग प्रत्येकाचा वेगळा घ्या. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि फोटो सोबत असू द्या.

आता लॉज कोणतं निवडायचं? मातृलॉजमध्येच परतणं मला भावनेने जवळचं वाटतं, पण साताऱ्याहून पुणे सुमारे 110 किलोमीटर, बैठका बहुधा संध्याकाळच्या, आणि परतताना रात्री खंबाटकी घाट. साठीनंतर हे दर वेळी जमणार आहे का, याचा घरच्यांशी बोलून विचार करा. दुसऱ्याच लॉजमध्ये जायचं असेल तर आधी पाहुणा म्हणून जाऊन या. इथे एक अट लक्षात ठेवा: इंग्लिश नियमांप्रमाणे राजीनामा देऊन बाहेर असलेल्या बांधवाला एका लॉजला एकदाच भेट देता येते, आणि थकबाकीमुळे नाव गेलेल्याला पुन्हा एखाद्या लॉजचा सभासद होईपर्यंत तेवढीही मुभा नसते.

पुढचं काम लॉजचं. प्रस्तावक आणि अनुमोदक फॉर्मवर सह्या करतात, अर्ज बैठकीत मांडला जातो, तुमचं नाव बैठकीच्या समन्समध्ये, म्हणजे सभासदांना जाणाऱ्या सूचनापत्रात छापून येतं आणि मग गुप्त मतदान होतं. इंग्लिश नियमांत तीन काळ्या गोट्या (विरोधी मतं) पडल्या की अर्ज फेटाळला जातो. उपनियमाने लॉज हा आकडा आणखी कमी करू शकतं. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी चार सभासदांना भेटा, स्वतःची माहिती द्या. व्हॉट्सअॅपवरून ‘थेट मेंबरशिप’ देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला उत्तरही देऊ नका.

निवड झाल्यावर प्रवेश फी आणि चालू वर्षाची वर्गणी भरायची. विधीतले शब्द विसरले असतील तर तसं प्रस्तावकांना सरळ सांगा. सरावासाठी लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन असतं. पहिल्या नियमित बैठकीआधी तिथे जाऊन बसता येईल का, हे सेक्रेटरींना विचारून घ्या.