शिक्का कुठे मारायचा? लेखकाचं ई-पुस्तक आणि सार्वजनिक ग्रंथालय

पदरमोड करून पुस्तक काढणं गोव्यातल्या मराठी लेखकाला नवीन नाही. हस्तलिखित डीटीपीवाल्याकडे द्यायचं, दोन-तीनदा मुद्रितं तपासायची, तीनशे प्रती छापून घ्यायच्या आणि प्रकाशनाचा कार्यक्रम झाला की पिशवीत प्रती घालून वाचनालयं फिरायची. ग्रंथपाल प्रत घेतो, दाखल नोंदवहीत पुढच्या क्रमांकासमोर लेखक, शीर्षक, पानं, किंमत आणि 'देणगी' असं लिहितो, आतल्या पानावर शिक्का मारतो. पुस्तक ग्रंथालयाचं झालं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या कथांचं ई-पुस्तक मी पेन ड्राइव्हवर घालून एका वाचनालयात नेलं. ग्रंथपालबाईंनी नोंदवही उघडली, पेन हातात घेतलं आणि थांबल्या. "हे नोंदवू कसं? आणि एकाने नेलेलं असताना दुसऱ्याने मागितलं तर द्यायचं की नाही?" त्यांना पुस्तक हवं होतं, मला द्यायचं होतं. तरी ते त्या दिवशी माझ्याबरोबरच घरी परत आलं. बाईंचे दोन्ही प्रश्न रास्त होते आणि जगभरातल्या ग्रंथालयांना ते पडलेले आहेत.

हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. तो जायचा होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. 1616 साली राशोलला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. ओव्या मराठी, पण अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे छपाईचे खिळे नव्हते. आपली लिपी यंत्रात बसत नाही, ही अडचण आपल्याकडे छपाईइतकीच जुनी आहे; पुढे तिच्याकडे पुन्हा येऊ. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई थांबली, ती 1821 मध्ये पुन्हा सुरू झाली.

1832 साली व्हाइसरॉय दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने पणजीत सार्वजनिक ग्रंथालय स्थापन केलं. धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर मठांमधले ग्रंथ तिथे आले. आज पाटोवर उभं असलेलं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. पुढे 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, गोव्यातल्या हिंदू समाजाला मोकळा श्वास मिळाला, आणि मराठी शाळा, वाचनालयं, मडगावच्या गोमंत विद्या निकेतनसारख्या संस्था उभ्या राहिल्या. मुक्तीनंतर गावोगावी वाचनालयं वाढली आणि 1993 साली गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला.

मठातून आलेला ग्रंथ असो की लेखकाने पिशवीतून आणलेली प्रत, हा सगळा व्यवहार एकाच गोष्टीवर चालत आला: प्रत ज्याची, त्याने ती कुणालाही वाचायला द्यावी. आपल्या कॉपीराइट कायद्यातही लेखकाचा नव्या प्रती वितरित करण्याचा हक्क आधीच बाजारात आलेल्या प्रतीला लागू होत नाही. म्हणून वाचनालयाला पुस्तक देताना कधी परवानगीपत्र लागलं नाही. 1954 च्या केंद्रीय कायद्याने तर प्रकाशकालाच कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायला लावलं. पण तो कायदाही कागदी पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे.

ई-पुस्तकात नेमकी ही प्रतच नाहीशी झाली. फाइल दुसऱ्याला देणं म्हणजे तिची नवी नक्कल करणं, आणि नक्कल करायचा हक्क लेखकाचा. त्यामुळे ग्रंथालय ई-पुस्तक विकत घेतं असं आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात बहुधा ते परवाना घेत असतं. अमेरिकेत 2003 च्या सुमारास क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ओव्हरड्राइव्ह या कंपनीमार्फत ई-पुस्तकं घरी द्यायला सुरुवात केली. नियम साधा होता: एक परवाना, एका वेळी एक वाचक. कागदी पुस्तकाची मर्यादा फाइलवर मुद्दाम लादलेली होती. बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं जगाने काढलेलं पहिलं उत्तर ते हेच. मुदत संपली की फाइल आपोआप बंद होते.

मग प्रकाशकांनी अटी घालायला सुरुवात केली. 2011 मध्ये हार्परकॉलिन्सने ठरवलं की 26 वेळा वाचकाला दिल्यावर परवाना संपेल, ग्रंथालयाने पुन्हा पैसे मोजावेत. युक्तिवाद असा, की कागदी प्रतही झिजतेच. 2019 मध्ये मॅकमिलनने नवं पुस्तक आल्यावर पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-व्यवस्थेला एकच प्रत देऊ असं जाहीर केलं. ग्रंथपालांनी बहिष्काराचं हत्यार उपसलं आणि मार्च 2020 मध्ये ती अट मागे घ्यावी लागली.

स्वतः प्रकाशित करणारा लेखक या भांडणात कुठेच नव्हता. ग्रंथालयं ठरलेल्या वितरकांकडून घेत आणि एकट्या लेखकाशी करार करायला वितरक तयार नसत. ही कोंडी कोलोराडोतल्या डग्लस काउंटी ग्रंथालयांनी फोडली. त्यांनी स्वतःचा सर्व्हर उभारला आणि 2012 मध्ये स्वतंत्र लेखकांची पुस्तकं वितरित करणाऱ्या स्मॅशवर्ड्सकडून दहा हजारांच्या आसपास ई-पुस्तकं थेट घेतली. मला या सगळ्या इतिहासात हे पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं. ग्रंथालयाने लेखकाकडे चालत जायचं ठरवलं. 2014 मध्ये स्मॅशवर्ड्सची पुस्तकं ओव्हरड्राइव्हवर आली. 2022 मध्ये स्मॅशवर्ड्स ड्राफ्टटूडिजिटल या तशाच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. आज तिथे पुस्तक चढवणारा लेखक ग्रंथालयांसाठी वेगळी किंमत ठरवू शकतो, किंवा प्रत्येक वाचनामागे थोडी रक्कम घेऊ शकतो.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या उशिरा लक्षात येते. लेखकाला स्वतःचं ई-पुस्तक विकू देणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेचं नाव केडीपी. तिथे ॲमेझॉनने डिसेंबर 2011 मध्ये केडीपी सिलेक्ट योजना आणली. तीत नाव घातलं की नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसऱ्या दुकानांत देता येत नाही, अनेक वर्षं तर ग्रंथालयातही देता येत नव्हतं, आणि मुदत आपोआप वाढत राहते. किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, 2016 च्या डिसेंबरात मराठी पुस्तकं आल्यापासून आपलेही लेखक तिकडे वळले. पुस्तक चढवताना ती एक चौकट टिचकी मारून मोकळे झालेले लेखक मी पाहिले आहेत.

आता लिपीकडे. डीटीपीवाल्याकडची आपली फाइल अनेकदा श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये असते; सगळ्या संगणकांना कळणारी युनिकोड ही अक्षरांची संकेतपद्धती त्यात नसते. कागदावर ती देखणी उमटते. तीच ई-पब या ई-पुस्तकाच्या फाइलप्रकारात घातली की 'ज्ञानेश्वर'च्या जागी निरर्थक रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. रूपांतर केलं तरी रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात. माझ्या एकशे चाळीस पानांचं पुन्हा मुद्रितशोधन करायला पावसाळ्याचे दोन महिने गेले. पीडीएफ तयार असते, पण मोबाइलच्या पडद्यावर ती वाचणं म्हाताऱ्या डोळ्यांना जाच आहे, आणि आमच्या वाचनालयांचे निष्ठावंत वाचक त्याच वयाचे आहेत.

बाईंच्या पहिल्या प्रश्नाला, नोंद कशी करायची याला, आयएसबीएन या पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाची मदत होते. भारतात तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो, एकट्या लेखकालाही मिळतो, आणि ई-पुस्तकाला छापील आवृत्तीपेक्षा वेगळा क्रमांक घ्यावा लागतो.

राहतं परवानगीपत्र, म्हणजे फाइल वाचकांना द्यायला लेखकाने ग्रंथालयाला लिहून दिलेली परवानगी. इथे एकट्या लेखकाचं बळ मोठ्या प्रकाशनसंस्थेपेक्षा कमी नाही: हक्क त्याच्याच हातात असल्यामुळे त्याला कुणाला विचारावं लागत नाही. पण पत्रात मुदत लिहिली नाही, तर आपल्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. मी गेल्या महिन्यात त्याच बाईंना दिलेल्या पत्रात लिहिलं: कॉपीराइट संपेपर्यंत, एका वेळी तीन वाचकांना, सभासद परदेशात असला तरी, विनामोबदला. बाईंनी पत्राची छापील प्रत मागितली, नोंदवहीत क्रमांक घातला आणि शिक्का त्या पत्रावर मारला.