सुवर्णभस्म, कोवळं ऊन आणि कॅन्सर: एक खुलासा

पुण्यात सकाळी पर्वती चढणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप सारखा फिरतो: ‘सोन्याचे सूक्ष्म कण आणि प्रकाश यांनी कॅन्सर मरतो. सुवर्णभस्म घ्या, कोवळं ऊन खा, केमो सोडा.’ पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच हा निरोप घातक आहे.

अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवर केलेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यातले कण म्हणजे सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ थर. ते शिरेतून दिले. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे कण तिथे साठतात. मग लेसरचा तंतू थेट गाठीत घालून अवरक्त प्रकाश सोडला. कण तापले आणि भोवतालच्या पेशी भाजून निघाल्या. हे तापणं कणाच्या नेमक्या मापावर अवलंबून असतं. भस्म त्या मापाने घडवलेलं नसतं, आणि पोटात गेलेलं भस्म गाठ शोधत जात नाही.

ऊन तर खोलवरच्या गाठीपर्यंत पोचतच नाही. उलट, प्रकाशाने जागं होणारं फोटोफ्रिन हे कॅन्सरवरचं औषध घेतलेल्या रुग्णाला किमान महिनाभर उन्हापासून जपावं लागतं.

घरात कुणाची केमोची तारीख ठरली असेल, तर कृपा करून ती चुकवू नका.