हट्टी लायब्ररीला आवरताना

आजचा कोणताही मोठा प्रोग्राम एकहाती लिहिलेला नसतो. चित्र उघडणे, पीडीएफ वाचणे, व्हिडिओ दाखवणे अशी कामे इतरांनी लिहिलेल्या तयार लायब्ररींवर, म्हणजे कोडच्या संचांवर, सोपवलेली असतात. एखादी सदोष फाइल समोर आल्यावर अशी लायब्ररी न संपणाऱ्या लूपमध्ये अडकली आणि आपण तिच्या उत्तरासाठी थांबून राहिलो, तर आपला प्रोग्रामही तिच्याबरोबर हँग होतो.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे ते काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या आतच समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, चालवावे आणि ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्यास तो थ्रेड मारून टाकावा. परंतु एका प्रोसेसमधील, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्राममधील, सर्व थ्रेड एकच मेमरी वापरतात. मेमरी मागताना थ्रेड तिच्या वाटपाच्या नोंदींना क्षणभर लॉक (इतर थ्रेडांना रोखून धरणारे कुलूप) लावतो. नेमका त्याच क्षणी तो मारला गेला, तर कोठाराची किल्ली घेऊन कोठारीच नाहीसा व्हावा तशी गत होते आणि मेमरी मागायला येणारा पुढचा थ्रेड तेथेच खोळंबतो. विंडोजमधील थ्रेड मारणाऱ्या ‘टर्मिनेटथ्रेड’ या फंक्शनला मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दस्तऐवजच धोकादायक म्हणतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेत थ्रेड मारल्यावर लॉक सुटत असत, पण अर्धवट बदललेली माहिती इतर थ्रेडांसमोर उघडी पडत असे, म्हणून 1998 च्या 1.2 आवृत्तीतच थ्रेड थांबवणारी ‘स्टॉप’ ही मेथड टाळावी असे सांगण्यात आले. 2023 च्या 20 व्या आवृत्तीपासून तर ती वापरल्यास केवळ एरर मिळते. ‘आता थांब’ अशी खूण ठेवता येते, पण ती अधूनमधून पाहण्याचे सौजन्य लायब्ररीच्या लेखकाने दाखवलेले असावे लागते, आणि अडकलेल्या कोडकडून ती अपेक्षा करणे व्यर्थच.

खात्रीचा मार्ग म्हणजे लायब्ररी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणे. त्या प्रोसेसची मेमरी स्वतंत्र असते. ती मारल्यावर तिची मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते, उघड्या फाइली बंद करते, आणि आतले लॉक तिच्याबरोबरच संपतात. माहितीची ने-आण करण्याचा खर्च वाढतो, पण माझ्या मते तो रास्त आहे.

जून 2010 मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरच्या 3.6.4 आवृत्तीने विंडोज आणि लिनक्सवर फ्लॅशसारखे प्लगइन (ब्राउझरला जोडले जाणारे पूरक प्रोग्राम) असेच वेगळे काढले. प्लगइनने 10 सेकंद प्रतिसाद दिला नाही, की ते बंद केले जाई. मात्र संथ संगणकांवर ‘फार्मव्हिल’ हा लोकप्रिय खेळ सुरू होण्यासच त्याहून अधिक वेळ लागे, आणि धडधाकट प्लगइनचा बळी जाई. काही दिवसांतच आलेल्या 3.6.6 आवृत्तीत ही मुदत 45 सेकंद करावी लागली. अडकलेला प्रोग्राम आणि नुसता संथ प्रोग्राम यांतील फरक प्रत्येक वेळी अचूक ओळखणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या 1936 च्या सिद्धतेतून निघते. त्यामुळे मुदत हा अनुभवावर बेतलेला अंदाजच राहतो.

प्रोसेस मारल्यावरही डिस्कवर अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. म्हणून लायब्ररीला तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहू द्यावे आणि काम पूर्ण झाल्याचा निरोप आल्यावरच मुख्य प्रोग्रामने तिला खरे नाव द्यावे.