दात भरल्यानंतरची संवेदनशीलता

किडलेला दात भरून घेतल्यावर थंड पाणी किंवा गोड पदार्थ लागताच त्यात क्षणभर कळ येते, किंवा घास चावताना तो दुखतो. या त्रासाला दात भरल्यानंतरची संवेदनशीलता म्हणतात. हा त्रास बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

दाताच्या एनॅमलखाली, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणाखाली, डेंटिनचा थर असतो आणि त्यातून असंख्य सूक्ष्म नलिका आतल्या पल्पकडे, म्हणजे नसा व रक्तवाहिन्या असलेल्या मऊ गाभ्याकडे, जातात. पल्पजवळच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या सुमारे ४५,००० असते. थंडाव्याने या नलिकांतील द्रव हलतो आणि त्या हालचालीने मज्जातंतू चेतवले जातात, असे स्पष्टीकरण स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात मांडले व तेच आज सर्वाधिक मान्य आहे. कीड कोरून काढताना नलिका उघड्या पडतात आणि ड्रिलच्या घर्षणाने व उष्णतेने पल्पला तात्पुरती सूज येते, म्हणून खड्डा जितका खोल तितका त्रास अधिक.

भरण्याच्या पदार्थावरही बरेच अवलंबून असते. बोलीभाषेत ‘चांदी’ म्हटले जाणारे पाऱ्याचे मिश्रण उष्णता व थंडी झटकन आत पोहोचवते. दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाने घट्ट होताना आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आकसते. त्याचा दाताशी जोड सुटला तर फटीत द्रव शिरतो, म्हणूनच ते सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरण्याची पद्धत आहे.

केवळ चावतानाच दुखत असेल, तर भरलेला भाग किंचित उंच राहिला असण्याची शक्यता मोठी. भूल दिलेली असताना रुग्णाला आपण नेमके कसे चावतो हे कळत नाही, त्यामुळे रंगीत कागद चाववून तपासल्यावरही ही उंची निसटू शकते. ती घासून काढणे हे काही मिनिटांचे काम आहे, आणि ‘सवय होईल’ म्हणून महिनाभर दुसऱ्या बाजूने जेवत राहण्याचे कारण नाही.

पोटॅशियम नायट्रेटयुक्त टूथपेस्टने काहींना आराम पडतो. मात्र थंड पदार्थ बाजूला केल्यावरही कळ रेंगाळत असेल, दात आपोआप ठणकत असेल किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर पल्पची सूज बरी होण्याच्या पलीकडे गेलेली असू शकते. अशा वेळी रूट कॅनाल उपचार किंवा दात काढणे भाग पडते. म्हणून नुसते ‘दुखते’ न म्हणता कळ कशाने येते व किती वेळ टिकते हे दंतवैद्याला सांगावे.