आंब्यावरची चिलटं आणि मेंदूचा नकाशा

वाशीच्या फळबाजारातून हापूसची पेटी ठाण्याच्या घरी आली, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गवताखालचा एखादा आंबा डागाळतो आणि त्यावर चिलटं घिरट्या घालू लागतात. तिळाएवढी, लाल डोळ्यांची. शास्त्रज्ञांची ड्रॉसोफिला ती हीच. (आंब्यात अळी करणारी फळमाशी वेगळी, बागायतदारांची वैरीण ती.) २०२४ मध्ये या चिलटाच्या मादीच्या मेंदूचा पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले सुमारे ५ कोटी जोड.

सुरुवात मात्र मधमाशीपासून झाली. १८५० मध्ये फ्रान्सच्या फेलिक्स द्युजार्दँ यांना तिच्या मेंदूत अळंबीसारखे भाग दिसले. कीटकाची हुशारी तिथेच असावी, असा त्यांचा अंदाज. तो तपासायला हत्यार नव्हतं. ते जनुकशास्त्रातून आलं. १९१० मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस मॉर्गन यांना चिलटांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि चिलटं प्रयोगशाळेत रुजली.

खरं वळण दिलं कॅलटेकच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञान संस्थेच्या, सेमूर बेंझर यांनी. डोळ्यांच्या रंगासारखं वागणंही जनुकांतून येतं का, हा त्यांचा प्रश्न. त्यांचा १९६७ चा प्रयोग मला फार आवडतो. माश्या काचेच्या नळीच्या तळाशी झटकायच्या, पलीकडे दिवा लावायचा. उजेडाकडे धावतील त्या वेगळ्या, मागे राहतील त्या वेगळ्या. असं पुन्हा पुन्हा. १९७१ मध्ये त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांना तीन अजब वाण मिळाले: एकाच्या शरीरातल्या घड्याळाचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तिसऱ्याला दिवसरात्रीचा पत्ताच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकात निघाले. १९७६ मध्ये शिकलेलं न टिकणारी ‘डन्स’ माशी आली. तिच्यात बिघडलेलं प्रथिन पुढे द्युजार्दँच्या त्या अळंबीतच भरपूर सापडलं.

हा धागा मुंबईतूनही गेला आहे, आणि आपल्याकडेच तो फारसा सांगितला जात नाही याची मला खंत वाटते. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. बेंझर यांच्यासोबत त्यांनी गरम होताच लुळ्या पडणाऱ्या आणि गार झाल्यावर उठून चालणाऱ्या माश्या अभ्यासल्या. मुंबईत मग ते वास आणि चवीकडे वळले. १९७८ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासोबत, वास-चवीची जाण बिघडलेल्या माश्यांवरचा निबंध आला. १९८८ मध्ये रॉड्रिग्ज यांनी दाखवलं, की वेगवेगळे वास माशीच्या मेंदूत चेतातंतूंच्या वेगवेगळ्या इवल्या गोळ्यांना जागं करतात. पिकल्या फळातलं इथाइल ॲसिटेट या प्रयोगांत वापरलं जाई. डागाळलेल्या आंब्याकडे चिलटांना ओढून आणणाऱ्या वासांपैकीच तो एक.