नाव एकच, केडम्प दोन

रात्री साडेनऊची ठाणे स्लो. दादर सुटलं आणि फोन वाजला. अंधेरीच्या ऑफिसात नाइट शिफ्टला असलेली आमच्या टीममधली नवी मुलगी होती. "सर, बॅकअप अडकलाय. प्रोसेस चालू दिसतेय, पण काम पुढे सरकत नाहीये." गर्दीत नीट बोलता येत नव्हतं. "केट्रेस लाव आणि केडम्प बघून सांग," एवढंच म्हणालो. कुर्ला यायच्या आत तिचा परत फोन. "सर, केडम्पसाठी आधी मेमरी राखून ठेवावी लागते म्हणे. बूटचं सेटिंग बदलून मशीन रीबूट करू का?"

रीबूट झालं असतं तर अडकलेली प्रोसेस, म्हणजे तो चालू प्रोग्राम, गेली असती, आणि ती का अडकली याचा पुरावाही तिच्याबरोबर गेला असता. बरं झालं तिने विचारलं. मशीन फ्रीबीएसडीचं होतं, आणि ती वाचत होती ते लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या केडम्पबद्दल. दोन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर तेच आहे, काम मात्र पूर्ण वेगळं.

पोलीस ठाण्यातली स्टेशन डायरी आणि पंचनामा यांत जो फरक, तोच इथे. डायरीत जे घडेल ते घडेल तसं, वेळेसह उतरत जातं. पंचनामा घटना होऊन गेल्यावर होतो, जागा आहे तशी राखून. फ्रीबीएसडीचा केडम्प डायरी वाचून दाखवतो. लिनक्सचा केडम्प पंचनाम्यासाठी जागा राखतो.

आधी डायरी. कुठलाही प्रोग्राम फाइल स्वतः उघडत नाही, कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, उघडायला सांगतो. वाचणं, लिहिणं, नेटवर्कवर पाठवणं, सगळं तसंच. या मागण्यांना सिस्टीम कॉल म्हणतात. केट्रेस ही कमांड कर्नलला सांगते की या प्रोसेसचा प्रत्येक कॉल नोंदवून ठेव. नोंदी जातात, कमांड जिथून दिली त्याच फोल्डरमधल्या 'केट्रेस डॉट आउट' या फाइलमध्ये. ती फाइल बायनरी असते, एडिटरमध्ये उघडली तर कचरा दिसतो. तिचं वाचता येईल असं रूप दाखवायचं, एवढंच केडम्पचं काम. म्हणून आधी केट्रेस न लावता, किंवा दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभं राहून केडम्प चालवला, तर 'केट्रेस डॉट आउट' सापडत नाही असं तो सांगतो आणि थांबतो.

चालू प्रोसेसला केट्रेस लावायचा तर डॅश पी आणि प्रोसेसचा नंबर. प्रोसेसने आधीच काढलेल्या मुलांनाही, म्हणजे तिने सुरू केलेल्या इतर प्रोसेसनाही, धरायचं असेल तर डॅश डी, पुढे निघणाऱ्या मुलांसाठी डॅश आय. पण यातलं काहीही टाइप करायच्या आधी बंद कसं करायचं ते पाठ हवं: केट्रेस, डॅश, कॅपिटल सी. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, म्हणून दिली तर मशीनवरचं सगळं ट्रेसिंग थांबतं. हे मॅन्युअलमध्येच बजावून सांगितलंय, आणि ते योग्यच आहे. कारण बोलक्या प्रोग्रामच्या नोंदी बघता बघता डिस्क भरतात. (लहान सी वेगळी. ती सोबत दिलेल्या प्रोसेसपुरतीच.)

त्या रात्री तिला अर्धा मिनिट ट्रेस चालू ठेवायला सांगितलं, मग कॅपिटल सी, मग केडम्प. सायनपासून गाडी रेंगाळत होती, त्याचा फायदा झाला. ती एकेक ओळ वाचत गेली. प्रत्येक ओळीत आधी प्रोसेसचा नंबर, मग प्रोग्रामचं नाव, मग नोंदीचा प्रकार. 'कॉल' म्हणजे प्रोग्रामने मागितलं. त्याखाली 'नामी', म्हणजे ज्या पाथसाठी मागितलं तो पाथ. त्याखाली 'रेट', म्हणजे कर्नलचं उत्तर. तिच्या स्क्रीनवर उत्तर होतं उणे एक, एरनो (चुकीचा नंबर कोणता ते) 13, पर्मिशन डिनाइड, म्हणजे परवानगी नाही. पुढची ओळ झोपेच्या, म्हणजे काही वेळ थांबायच्या, कॉलची. आणि मग पुन्हा तोच कॉल, तोच पाथ, तोच 13.

म्हणजे प्रोग्राम अडकलेला नव्हता. तो दार वाजवत होता, नकार मिळाला की थोडं थांबून परत वाजवत होता, आणि हे लॉगमध्ये कुठेही लिहीत नव्हता. दुपारी डिस्क बदलली होती, नवं फोल्डर रूटच्या मालकीचं झालं होतं, आणि बॅकअप चालतो त्याच्या स्वतःच्या यूजरने. तिने मालकी बदलली. पुढच्याच खेपेला फाइल उघडली. प्रोसेस थांबवावीसुद्धा लागली नाही.

केडम्पला डॅश कॅपिटल आर दिला तर प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीनंतर किती वेळाने आली ते दिसतं. 'हळू चालतंय' अशा तक्रारीला मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो. वेळ नेमका कुठल्या कॉलमध्ये जातोय ते लगेच कळतं.

लिनक्सवर हे काम एसट्रेस करतो. तो प्रत्येक कॉलला प्रोसेस थांबवतो आणि नोंद तिथल्या तिथे दाखवतो, त्यामुळे प्रोग्राम बराच मंदावतो. केट्रेसच्या नोंदी कर्नल स्वतःच लिहितो, म्हणून भार कमी.

आता लिनक्सचा केडम्प. इथे प्रोग्रामचा प्रश्नच नाही, खुद्द कर्नल कोसळलेला असतो. कोसळलेल्या कर्नलच्या डिस्क ड्रायव्हरवर विश्वास ठेवून त्यालाच स्वतःची मेमरी लिहायला सांगणं धोक्याचं. म्हणून मशीन सुरू होतानाच 'क्रॅशकर्नल' या बूट सेटिंगने मेमरीचा एक तुकडा, समजा 256 एमबी, बाजूला ठेवायचा आणि तिथे दुसरा कर्नल चढवून ठेवायचा. पॅनिक झालं, म्हणजे पहिला कर्नल कोसळला, की ताबा थेट या दुसऱ्या कर्नलकडे जातो. मधे बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, येत नाही, म्हणून पहिल्याची मेमरी जशीच्या तशी राहते. मग मेकडम्पफाइल हे टूल त्यातली रिकामी आणि बिनकामाची पानं गाळून, उरलेलं दाबून 'व्हीएमकोर' फाइल करतं, बहुधा 'व्हार' खालच्या 'क्रॅश' फोल्डरात. ही सोय लिनक्सच्या अधिकृत कर्नलमध्ये 2005 साली, 2.6.13 आवृत्तीत आली. फाइल उघडायला क्रॅश नावाचं टूल लागतं, आणि अगदी त्याच आवृत्तीचा, डीबग माहिती असलेला कर्नल.

जागा आधी राखलेली नसेल तर कोसळल्यावर काही मिळत नाही, आणि राखायची तर रीबूट लागतो. तिने वाचलं ते चुकीचं नव्हतं, फक्त दुसऱ्या घरचं होतं. फ्रीबीएसडीवर कर्नल कोसळला तर मेमरी गोळा करणाऱ्या कमांडचं नाव सेव्हकोर आहे.

तेव्हापासून फोनवर मी आधी विचारतो, "काय पडलंय, प्रोग्राम की मशीन?" मशीन टाइप केलेलं घेत असेल तर लिनक्सच्या केडम्पचा तिथे संबंध नाही.

दोन्हीच्या फाइलबाबत एक काळजी मात्र सारखीच. केट्रेसच्या नोंदींत प्रोग्रामने वाचलेला-लिहिलेला मजकूरही असतो, आणि व्हीएमकोर म्हणजे तर मेमरीच. दोन्हींत पासवर्ड निघू शकतात. म्हणून त्या रात्री ती म्हणाली, "सर, फाइल व्हॉट्सअ‍ॅप करते," तेव्हा मी नको म्हणालो. घाटकोपरला उतरलो, बाकावर बसलो, आणि तिला उरलेल्या ओळीही वाचूनच दाखवायला लावल्या. शेवटी 'केट्रेस डॉट आउट' डिलीट केली का, तेही विचारलं.